यादीतून मी गाळलेले नाव

हे लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस अडलो आहे. साक्ष लिहिणाऱ्या माणसाचा विश्वास पक्का असावा असे मला वाटते, आणि माझा तसा नाही. लिहायला बसलो की उठतो, खोलीत फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. पण जे घडले ते माझ्या धाकट्या बहिणीचे आहे, आणि ती अजून लिहायला शिकलेली नाही. म्हणून तिच्या वतीने मी लिहीत आहे.

आमचे गाव तळोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतात तिथे आहे. आमच्या घरात मॅट्रिकपुढे गेलेला मीच पहिला. मिशनच्या बोर्डिंगात मी सातव्या वर्षी गेलो आणि तिथून पुढे पुण्याच्या कॉलेजात. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. गावात प्रथम प्रभूकडे वळले ते तेच. त्या वेळी मी चार वर्षांचा होतो. तेव्हा घरातली सगळी माणसे एकदम बाप्तिस्मा घेत, म्हणून मलाही त्यांनी खांद्यावर बसवून पाण्यात नेले. मला त्यातले एवढेच आठवते की पाणी नाकात गेले आणि मी खूप रडलो.

गेल्या वर्षी वसतिगृहात माझ्या खोलीतला एक मुलगा मला म्हणाला, "तुझा बाप्तिस्मा तुझा नाहीच. तुझ्या वडिलांचा आहे. तुला काय कळत होते?" तो वाईट मनाने बोलला नव्हता. आम्ही शेंगा खात बसलो होतो, आणि बोलून झाल्यावर तो शेंगाच फोडत राहिला. मी मात्र त्या दिवसापासून नीट प्रार्थना करू शकलो नाही. गुडघे टेकले की वाटे, हे शब्द माझे आहेत की मला शिकवलेले? शिकवलेले असतील तर ते म्हणणारा मी कोण? मी पुस्तके वाचली, मग आणखी वाचली. एका पुस्तकाने एक शंका मिटे आणि दोन उघडत. अभ्यास होईना, झोप येईना. परीक्षा कशीबशी दिली आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी निघालो. नंदुरबारला गाडीतून उतरून, बैलगाडीने तापी उतरून गावी पोचलो, तेव्हा पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पंधरवडा उरला होता.

आमच्याकडे पाळकबुवा महिन्यातून एकदा येत. म्हातारे गृहस्थ, नगरकडचे. त्या सणाला ते बाप्तिस्मा देणार होते. त्यांनी मला निरोप धाडला की, तू शिकलेला आहेस, यंदा उमेदवारांची तयारी तू करून घे आणि जे तयार असतील त्यांची यादी रविवारच्या उपासनेत मंडळीपुढे वाचून दाखव. वडिलांच्या वेळची रीत आता राहिली नव्हती. मंडळीने नियम केला होता की लहान असो वा मोठा, ज्याने त्याने स्वतः उत्तर द्यावे. मला तो नियम फार योग्य वाटला. खरे सांगायचे तर त्या नियमाला मी घट्ट धरून बसलो, कारण माझ्या दुखण्याचे औषध मला त्यात दिसले.

उमेदवारांत माझी बहीण रूथही होती. वय सात वर्षे. प्रश्नोत्तरावलीतली उत्तरे तिला तोंडपाठ होती, पण मी अर्थ विचारला की ती गप्प होई. एकदा ती अंगणात मोहाची फुले पसरत होती, तेव्हा मी विचारले, "रूथ, प्रभू कोठे शे?" ती हातातले काम न थांबवता म्हणाली, "आठेच शे ना." मी विचारले, "इथे म्हणजे कोठे? कशावरून?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू आपली शेळी कुठे बांधली आहे हे मी तिला विचारतो आहे. मग ती पुन्हा फुले पसरू लागली. मला वाटले, हीच ती चूक. न कळता पाण्यात उतरेल आणि वीस वर्षांची झाली की माझ्यासारखी तळमळेल. सणाच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी मंडळीत अकरा नावे वाचली. तिचे नाव मी त्यात घेतले नाही.

ती रडली नाही. घरी येताना माझ्या मागून चालत होती. वाटेत तिने विचारले, "मंग मी कव्हय?"

"तुला समजेल तेव्हा."

थोडे अंतर ती चालत राहिली. मग म्हणाली, "तुले समजनं का, भाऊ?"

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहायची मला लाज वाटते. घरी आई हिवतापाने पडली होती. तिने पांघरुणातूनच सगळे ऐकले आणि म्हणाली, "मंग मन्हं नाव बी काढी टाक, बापू. दहा आज्ञा शेतस, माले सातच येतस." मी म्हटले, तुझी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणाली, "हा, मी मोठी शे. मोठासले सगळं माफ." आणि कूस बदलून घेतली.

त्या आठवड्यात मी घरात बसू शकत नव्हतो. दिवसभर उगाच इकडून तिकडे जाई. आई उठू शकत नव्हती आणि मोहाचा हंगाम भरात होता, म्हणून पहाटे रूथबरोबर फुले वेचायला मी जाऊ लागलो. आमच्याकडे ज्याची त्याची मोहाची झाडे ठरलेली असतात. रात्रभर फुले गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या लोकांनी दारू सोडली, पण मोह सोडला नाही. पाऊस येईपर्यंतच्या दिवसांत उकडलेल्या मोहावर कितीतरी घरे निभतात, आमचेही.

आमची दोन झाडे, मध्ये कोरडा नाला. फुले पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करतात. पण त्याची रीत आहे. आधी झाडाभोवती फांदीने झाडून रुंद पट्टा मोकळा करायचा, आणि वारा पडला की संध्याकाळी आग लावायची. पहिले झाड आईने आठवड्यापूर्वी तसे केले होते. दुसरे राहिले होते. निघताना ती रोज सांगे, "दुसराले हात लावू नको. मी उठनू म्हनजे करसू." गावातले कुठलेही पोर ही चूक करणार नाही. ती मी केली. सातव्या वर्षापासून मी बोर्डिंगात राहिलेला. आग लावताना पाहिले होते, पण झाडणे कोणी शिकवले नव्हते, किंवा शिकवले असेल आणि मी विसरलो असेन. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी ऊन वर आल्यावर, काहीतरी उपयोगाचे केले असे मला वाटावे म्हणून, दुसऱ्या झाडाखाली मी काडी ओढली. रूथ नाल्यापलीकडे पहिल्या झाडाखाली वेचत होती.

वारा नव्हता. मग तो आला. पाला पेटला, पाल्यातून गवत पेटले, आणि आग माझ्या डोळ्यांसमोर नाल्यात उतरून पलीकडे चढली. नाल्यातही पाचोळा साठलेला होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. माझ्यात आणि रूथमध्ये धूर उभा राहिला. मी तिला हाका मारल्या. उत्तर आले नाही. मी डावीकडून धावलो, तिकडे आग होती. उजवीकडून धावलो, तिकडे करवंदीची जाळी होती आणि तीही पेटत होती. पुन्हा डावीकडे. किती वेळ असा धावलो ते मला सांगता येणार नाही.

मग मी प्रार्थना करायला तोंड उघडले. कॉलेजच्या उपासनामंदिरात ऐकलेली सुंदर वाक्ये मला येतात. त्यातले एकही आले नाही. मला शरमेने सांगितले पाहिजे की त्या वेळीसुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात तोच प्रश्न फिरत होता, हे शब्द तुझे आहेत का? आणि मग तोही प्रश्न जळून गेला. तोंडातून एवढेच निघाले, "ती लहान शे. ती लहान शे." कोणाला म्हणत होतो ते मी तेव्हा ठरवले नाही. माझ्या हिशेबाने त्याला प्रार्थना म्हणताच येणार नाही. पण त्याआधी वर्षभरात मी दुसरी कोणतीच केली नव्हती, असे आता वाटते.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून कोणीतरी आले. डोंगरातली एक म्हातारी होती, पाठीवर टोपली. तिने टोपली खाली टाकली, पळसाची हिरवी फांदी मोडली आणि आगीच्या कडेवर मारू लागली. दुसरी फांदी मोडून तिने माझ्या हातात कोंबली. ती काही बोलत होती, पण तिची भाषा मला येत नव्हती. सूर मात्र कळत होता, ती मला शिव्या देत होती. मी जिथे जाळ उंच होता तिथे मारायला धावलो, तर तिने माझा सदरा मागून धरून मला ओढले आणि जाळ बुटका होता तिथे नेले. आम्ही कडेकडेने मारत गेलो. नाल्याजवळ एका ठिकाणी वाट फुटली. तिने मला त्या वाटेत ढकलले.

पलीकडे काळी जमीन होती. आईने आठवड्यापूर्वी जाळलेली, झाडाखालची. आग तिच्या कडेपर्यंत आली होती आणि जाळायला काही न मिळाल्याने विझली होती. त्या काळ्या जागेच्या बरोबर मध्ये, खोडाला पाठ लावून, रूथ उभी होती. टोपली डोक्यावर. तोंड राखेने माखलेले, डोळ्यांतून पाणी. टाचेला निखारा लागून दोन फोड आले होते, बाकी तिला काही झाले नव्हते. मला पाहताच ती म्हणाली, "बठ्ठा मोहू जयी ग्या ना, भाऊ! पहिले झाडी लेनं पडस. कालेजमा हाईच शिकाडतस का?"

फुले जळली म्हणून ती मला रागावत होती, आणि मी तिच्यासमोर राखेतच बसलो. हसत होतो की रडत होतो कोण जाणे.  थोड्या वेळाने मी विचारले, "मी हाका मारी ऱ्हायंतू. तू बोलनी काबरं नही?"

"तोंडमा धूर जाई ऱ्हायंता."

"भ्याव लागना का?"

"लागना. बहुत लागना." ती सदऱ्याने नाक पुसत म्हणाली. "मी प्रभूले सांगं, माले भ्याव लागी ऱ्हायना, आठेच ऱ्हाय."

"मंग?"

"मंग काय? ऱ्हायना."

एवढेच. इथेच राहा म्हटले, राहिला; हे तिने अशा आवाजात सांगितले, जणू शेजारची काकू बसायला आली होती, बसली. मी पुढे काही विचारले नाही. विचारण्यासारखे शंभर प्रश्न मला येत होते, आणि आजही येतात. ती काळ्या जागेत का उभी राहिली, तर आग लागली की आधीच जळलेल्या जागी जावे हे आईने तिला सांगितले होते म्हणून. ती जागा का काळी होती, तर आईने रीतीप्रमाणे काम केले होते म्हणून. यात नवल नाही असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मी फक्त एवढे सांगतो की त्या क्षणी मला समोर एक मूल दिसले, जे एकटे नव्हते. आणि मी एकटा होतो.

मी मागे वळलो तेव्हा म्हातारी आगीची शेवटची कड मारून, टोपली उचलून, नाल्याने वर चालली होती. मी हाक मारली. तिने मागे न पाहता हात झटकला, जा, पोरीला घरी ने, असा. दुसऱ्या दिवशी मी मीठ आणि गूळ घेऊन वरच्या पाड्यावर गेलो. वर्णन सांगितले तर लोक हसले. म्हणाले, टोपली घेतलेली म्हातारी? हंगामात इथे सगळ्याच टोपली घेतलेल्या म्हाताऱ्या. पुढच्या पाड्यावरही ती सापडली नाही. मीठ-गूळ मी तिथल्या एका घरी देऊन आलो. तिचे नाव मला माहीत नाही. ती आमच्या मंडळीतली नव्हती, आणि देवाला ती कोणत्या नावाने हाक मारते तेही मला ठाऊक नाही. पण माझ्या त्या अर्धवट शब्दांचे उत्तर म्हणून कोण आले, असे मला कोणी विचारले तर मला तिचाच पाठमोरा हात आठवतो.

शनिवारी दुपारी पाळकबुवा आले. ते ओट्यावर टेकतात न टेकतात तोच मी म्हणालो, "बुवा, मला काही कबूल करायचे आहे." ते जोडे काढत म्हणाले, "लेकरा, आधी पाणी दे. पाप मग सांग." पाणी पिऊन झाल्यावर मी सगळे सांगितले. आग, यादी, वर्षभर न झालेली प्रार्थना, सगळेच. ते तांब्या हातात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता काय करायचं म्हणतोस?" मी म्हणालो, तिचे नाव घाला. ते म्हणाले, "नाव घालायला माझी ना नाही. पण नियम मंडळीचा आहे. उद्या ती सगळ्यांसमोर बोलली तर घेईन." मग म्हणाले, "आणि तू तिला रात्रभर पाठ करून घेऊ नकोस हं." माझ्या मनात नेमके तेच आले होते.

त्या रात्री आईचा ताप उतरला. मला मात्र पहाटेपर्यंत चैन पडली नाही. रूथ चार माणसांत बोलत नाही, हे मला माहीत होते. आणि ती गप्प राहिली तर दोष नियमाचा नसणार, माझा असणार. आठ दिवसांपूर्वी मी तिचे नाव घेतले असते तर तिच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिलेही नसते.

सणाच्या सकाळी सगळी मंडळी गावाखालच्या डोहावर जमली. एकेकाला बुवा प्रश्न विचारत, तो उत्तर देई, आणि मग त्याच्या घरचे माणूस त्याला हाताला धरून पाण्यात बुवांकडे नेई. अकरा जण झाले. मग बुवांनी रूथला पुढे बोलावले. टाचेच्या फोडांमुळे ती लंगडत गेली. बुवांनी वाकून विचारले, "बाई, तू का येतेस?"

ती बोलली नाही. सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि आईच्या लुगड्यात तोंड लपवले. बुवांनी पुन्हा विचारले. तिने मान वर केली नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. मंडळीतले एक वडीलधारे, दाजीबा, म्हणाले, "मांगना रविवारले हाईनं नाव नव्हतं. आठ दिनमा पोर इतली शानी व्हयी गई का?" कोणी तरी हसले.

मी उभा राहिलो. पुण्याहून आणलेले भाषण करण्याचे सगळे कसब त्या क्षणी माझ्या कामी आले नाही. माझ्या तोंडून घरची बोलीच निघाली. मी म्हणालो, "पोर व्हती तशीच शे, दाजीबा. मी बदलनू." आणि गुरुवारी काय घडले ते सगळ्यांना सांगितले. आग मी लावली हे सांगितले. ती काय म्हणाली तेही सांगितले. मी हेही सांगितले की तुमच्या यादीतली अकरा नावे मी तपासली, पण मला स्वतःला कोणी तपासले नाही. तपासले असते तर मी उत्तर देऊ शकलो नसतो. हे बोलताना मला वाटत होते की आता हे लोक मला यापुढे काही काम सांगणार नाहीत.  दाजीबा म्हणाले, "मन्ही बी तशीच गत शे रे, भाऊ. पन माले कोणी इचारत नही, मी म्हातारा शे." या वेळी सगळेच हसले, आणि रूथनेही लुगड्यातून एक डोळा बाहेर काढला.

बुवा पाण्यात उभे होते. ते मला म्हणाले, "तिचं उत्तर आता सगळ्यांनी ऐकलं. मग तूच आण तिला."

मी तिला हाताला धरून डोहात उतरलो. पाणी थंड होते, तळाशी गाळ होता. ते माझ्या मांडीपर्यंत आले आणि तिच्या छातीपर्यंत. माझे पाय रुतत होते. तीन दिवसांपूर्वीचा धूर माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी तिचा हात आणखी आवळला. बुवांनी तिच्यासाठी हात पुढे केले. मी तिला सोडेना. तेच चार वर्षांचे मूल, तेच नाकात गेलेले पाणी, तेच रडणे माझ्या मनात उसळले. हिला कळले आहे का, पुरेसे कळले आहे का, असे पुन्हा एकदा येऊन गेले.

रूथ वर पाहून म्हणाली, "हात सोड ना, भाऊ. दुखी ऱ्हायना."

मी हात सोडला.

ती दोन पावले आपली आपण गेली.

यानंतर माझ्या शंका संपल्या असे मी लिहिले तर ते खोटे होईल. मी पुन्हा पुण्याला आलो आहे आणि पुस्तके पुन्हा उघडली आहेत. अजून कितीदा तरी गुडघ्यांवरून उठून फेऱ्या मारतो. पण पूर्वी मला वाटे की मी प्रभूला नीट समजून घेतले, म्हणजे मग तो मला धरील. आता वाटते, हे उलटे असावे. वडिलांनी मला खांद्यावर नेले तेव्हा मी काहीच दिले नव्हते, रडण्याखेरीज. तेवढ्यावरच मला घेतले गेले. ते माझे नव्हते हे खरेच. पण ते मला दिलेले होते. दिलेल्या वस्तूवर मी वर्षभर मालकीचा पुरावा शोधत बसलो.

आई बरी आहे. दुसऱ्या झाडाखाली नव्याने पडलेला पाला तिने पुढे स्वतः रीतीने झाडून जाळला, आणि मला दूर उभे करून दाखवले. ज्या देवाने माझी चूक इतक्या थोडक्यात निभावून नेली, आणि ज्या बाईने ती फांदी माझ्या हातात दिली, त्या दोघांचा मी ऋणी आहे. जे समजत नाही ते समजण्याची घाई मी अजून सोडलेली नाही. पण ते समजेपर्यंत मी बाहेर थांबणार नाही, एवढे मात्र मला जमू लागले आहे.